धग, धूळ आणि निदान : एका संगणकाच्या निमित्ताने

गेल्या मे महिन्यात गुरुकुंज मोझरीहून आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. बी. ए.ला त्याने मराठी वाङ्मय हा विषय घेतला होता आणि वर्गात तो मागच्या बाकावर बसत असला, तरी बोलीभाषेचा तास त्याने कधी चुकवला नव्हता. अशा विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला म्हणजे बहुधा शिफारसपत्र हवे असते, नाहीतर लग्नाचे आमंत्रण असते. येथे मागणी वेगळी होती. त्याला चाळीस हजार रुपये हातउसने हवे होते आणि आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे आले की तो ते परत करणार होता. कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, कम्प्युटरचं ग्राफिक कार्ड बदलाच लागते. गेम लय लॅग मारून राह्यला."

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध गुणपत्रके भरणे, टंकलेखन आणि विद्यापीठाची परिपत्रके उघडणे एवढाच. आमच्यापैकी एकाकडे महाविद्यालयाच्या संगणककक्षाची देखरेख काही वर्षे होती, एवढीच काय ती अधिकची पात्रता. तरीही पुढच्या रविवारी आम्ही मोझरीला गेलो. तेथे जे पाहिले आणि ऐकले त्यातून आमच्या विषयासंबंधी, म्हणजे मराठीच्या अध्यापनासंबंधी, जे एक मत आमच्या मनात तयार झाले ते मांडण्यासाठी हा लेख आहे. संगणकाची हकीकत थोडी तपशिलात सांगावी लागेल. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केलेला आश्रम, दासटेकडी, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी हे सारे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या गावात एका टिनाच्या खोलीत एक तरुण लाखभर रुपयांचा संगणक ठेवून खेळ खेळतो आणि ते खेळणे अस्सल वऱ्हाडीत समालोचन करीत लोकांना थेट दाखवतो, हे कदाचित कमी लोकांना ठाऊक असेल. आमच्या विद्यार्थ्याचे हेच चालले होते. त्यातून महिन्याकाठी मोबाइलचे बिल निघेल इतके पैसे सुटू लागले होते आणि वडिलांच्या मनातली अढीही थोडी सैल होत होती. संगणक डिसेंबरात आला. हिवाळाभर उत्तम चालला. मार्चपासून तो अडखळू लागला आणि मे उजाडला तेव्हा घरात रोज भांडण होते.

वडील दारातच भेटले. "सर, येवढा पैसा घातला, तरी थे मशीन काहून अटकते जी? अन् आता म्हणते का अजून चाळीस हजार लावा." त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि हिशेब जास्त होता.

आता तक्रारीच्या भाषेकडे वळू, कारण आमच्या मते सारी गोम तेथेच आहे. मुलगा म्हणत होता 'लॅग'. वडील म्हणत होते 'अटकते'. आम्ही मध्यस्थ म्हणून 'संथ झाला आहे' असे काहीतरी गुळमुळीत बोलत होतो. हे तीन शब्द वापरून तिघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांत तीन वेगळे आजार लपलेले होते. पहिला आजार उशिराचा. आपण कळ दाबली आणि दूरच्या संगणकापर्यंत ती बातमी पोहोचायला वेळ लागला, तर पडद्यावरची हालचाल गुळगुळीत असते, फक्त ती उशिरा होते. हा इंटरनेटचा दोष आणि 'लॅग' हा शब्द मुळात याच्यासाठी. दुसरा आजार मंदपणाचा. संगणकाला एका सेकंदात पुरेशी चित्रे काढताच येत नाहीत. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० काढायची तर ३३.३. तिसरा आजार विषमतेचा. सरासरी चांगली असते, पण मध्येच एखादे चित्र शंभर-सव्वाशे मिलिसेकंद रखडते आणि डोळ्याला हिसका बसतो.

मुलाने या तिन्हींना 'लॅग' म्हटले, म्हणून त्याने पहिला उपाय केला तो इंटरनेटचा. महागडी जोडणी घेतली. काही फरक पडला नाही. मग खेळाची नवी आवृत्ती आली होती तिच्यावर संशय घेतला आणि खेळ पुन्हा उतरवून घेतला. मग अख्खी विंडोज प्रणाली पुसून नव्याने बसवली, त्यात दोन महिन्यांचे ध्वनिमुद्रण गेले. शेवटी ग्राफिक कार्ड. एका चुकीच्या शब्दाने हा सारा खर्च ओढवून आणला होता. अर्थनिश्चिती हा अलंकारशास्त्रातला किंवा समीक्षेतला प्रश्न आहे असे आम्ही वीस वर्षे शिकवत आलो. तो कुणाच्या खिशाला इतका थेट भिडतो हे आम्हांला त्या टिनाच्या खोलीत कळले.

सेकंदाला किती चित्रे हा प्रश्न मराठी माणसाला तसा परका नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणला, त्याच्या आधी त्यांनी एका अंकुराची वाढ कॅमेऱ्याने टिपली होती. रोपट्याची थोडी थोडी चित्रे दिवसांमागून दिवस घेत राहायचे आणि ती सलग दाखवली की रोपटे डोळ्यांदेखत वर येताना दिसते. चित्रे घेण्याचा वेग आणि ती दाखवण्याचा वेग यांतील अंतराची ती किमया होती. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत, त्यामुळे वेग हाताच्या लयीवर कमीजास्त होई. बोलपट आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि हा सैलपणा संपला. ध्वनीला वेगातला चढउतार सोसत नाही, म्हणून सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण जगभर पक्के झाले. मग चित्रपटाला चोवीस पुरतात तर खेळाला साठही अपुरी का वाटतात, असे आमच्यापैकी एकाने मुलाला विचारले. त्याचे उत्तर नेमके होते. चित्रपट आपण पाहतो, खेळ आपण चालवतो. चित्रपटाच्या प्रत्येक चित्रात हालचालीचा थोडा पुसटपणा आपोआप उतरलेला असतो, तो डोळ्याला सांभाळून घेतो. खेळात हात हलला की पडदा हललाच पाहिजे. हात आणि डोळा यांच्यामध्ये पडलेली फट पाहणाऱ्याला कळत नाही, करणाऱ्याला कळते. (वाचक आणि लेखक यांच्यातील फरकही असाच काही असावा का, असे मनात येऊन गेले. असो.)

पुढे काय करावे हे आम्हांला सुचत नव्हते. दिशा दाखवली ती वडिलांनी. खाटेवर बसून ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "वावरात पाणी कमी आलं तं मी पयले मोटर नाही बदलत, सर. पयले पाहतो का पाणी अटकलं कुठी." आणि त्यांनी आपली पद्धत सांगितली. संत्र्याच्या झाडांना ठिबकचे पाणी कमी येऊ लागले तर शेवटच्या नळीचे टोपण उघडायचे. तेथे धार जोरात असेल तर दोष नळीच्या छिद्रांत, क्षार बसले असतील. तेथेही धार बारीक असेल तर मागे यायचे, गाळणीजवळ जोड सोडून पाहायचे. गाळणीच्या आधी जोर आहे आणि नंतर नाही, म्हणजे गाळणी तुंबली. आधीही नाही, तर आणखी मागे, विहिरीत, पाइपाच्या बुडाशी असलेला फुटव्हॉल्व्ह पाहायचा (आपल्याकडे शेतकरी त्याला सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, आणि आम्हांला तोच शब्द जास्त आवडतो). मोटार सर्वांत शेवटी. पाच अश्वशक्तीची मोटार काढून साडेसातची बसवली आणि फुटबॉलात शेवाळ अडकलेलेच राहिले, तर वीजबिल वाढते, पाणी वाढत नाही.

हे ऐकल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. एखादी गोष्ट मध्यावर तोडायची, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचे, त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. हीच शास्त्रीय निदानाची रीत आहे, आणि ती अगदी स्वच्छ वऱ्हाडीत, एकही पारिभाषिक शब्द न वापरता आमच्यासमोर मांडली गेली होती.

मग संगणकाचे 'वावर' आम्ही तिघांनी मिळून चालून पाहिले. पडद्यावरचे प्रत्येक चित्र दोन हातांतून जाते. एक सांगणारा : मुख्य प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर. कोण कोठे उभा आहे, गोळी कोठे लागली, भिंत पडली की नाही, हे तो ठरवतो. दुसरा लिहिणारा : ग्राफिक कार्ड. सांगितलेले ते रंगवते. ज्ञानदेव सांगत आहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, अशी आपल्या परंपरेतली प्रतिमा आम्ही मुलाला दिली, आणि ती त्याला लगेच पटली. आता ओवी उशिरा उमटते आहे, तर सांगणारा थांबला आहे की लिहिणाऱ्याचा हात दुखतो आहे? याची परीक्षा सोपी आहे. लिहिणाऱ्याला लहान पान द्यावे. पडद्याची सूक्ष्मता १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणली, की कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते, प्रोसेसरचे मात्र तेवढेच राहते. चित्रांची संख्या वाढली तर दोष कार्डाचा. जैसे थे राहिली तर कार्ड निर्दोष.

संख्या जैसे थे राहिली. पस्तीस-चाळीसच्या आसपासच, आधीसारखी.

म्हणजे चाळीस हजारांचे नवे कार्ड आणले असते, तर अधिक जलद लिहिणारा लेखनिक आणून गप्प बसलेल्या वक्त्यासमोर बसवला असता. मुलगा काही क्षण बोललाच नाही. खेळ चालू असताना कार्ड किती कामात आहे हा आकडाही त्याने मग काढून दाखवला : जेमतेम चाळीस टक्के. तो आकडा रोज त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता. अर्थ लावायला कुणी शिकवले नव्हते. 'ग्राफिक' कार्ड आहे, 'ग्राफिक' अडते, तेव्हा दोष कार्डाचा, अशी शब्दावरून केलेली व्युत्पत्ती तेवढी त्याच्याकडे होती. लोकव्युत्पत्तीचा हा धडा आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला यापुढे नक्की वापरू.

आता सांगणारा का थांबतो? येथे दुसरा प्रश्न विचारायचा होता आणि तो वडिलांनीच विचारला : "डिसेंबरात चालत होतं नं? मंग तवापासून बदललं काय?" खेळ बदलला होता, तो पुन्हा उतरवून झाला होता. प्रणाली बदलून झाली होती. जे खरेच बदलले होते ते इतके सर्वव्यापी होते की कुणाच्या ध्यानातच येत नव्हते. ऋतू बदलला होता. अमरावती-अकोल्याचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना पारा ४५ अंशांपलीकडे जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. उद्धव शेळक्यांच्या वऱ्हाडी कादंबरीचे 'धग' हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबरात रात्री पंधरा-वीस अंशांवर असणारी ती टिनाची खोली आता अडतीस-चाळीसवर होती. बाहेरची हवा जितकी तापते, साधारण तितक्याच अंशांनी यंत्राचे आतले तापमान वर सरकते. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात गेला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. तो बिघडलेला नसतो. आपले काळीज शाबूत राहावे म्हणून दुपारी शेतमजूर बाभळीखाली बसतो, तसा तो बसलेला असतो. तापमान मोजले. खेळ सुरू केल्यावर चार-पाच मिनिटे चित्रांची संख्या शंभराच्या वर होती. मग तापमान शंभराला टेकले आणि प्रोसेसरचा वेग चार गिगाहर्ट्झवरून दोनच्याही खाली कोसळला. त्या घसरणीबरोबर पडद्यावरची चित्रे खाली आली. कारण आणि कार्य एकाच क्षणी, शेजारी शेजारी दिसले. समीक्षेत असे भाग्य क्वचित लाभते.

पण उन्हाळा हे पूर्ण उत्तर नव्हे. वऱ्हाडात उन्हाळा सगळ्यांनाच असतो. पेटी उघडली. समोरच्या जाळीवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर साचला होता. शेजारच्या खोलीत हिवाळाभर कापूस भरलेला होता. पेटी लाकडी कपाटात, तिन्ही बाजूंनी बंद. कपाटातून ती बाहेर काढली, मऊ कुंचल्याने जाळी झाडली (पंखे बोटाने धरून, ते गरगर फिरू देऊ नयेत). फरक पडला, पण अपुरा. चार मिनिटांऐवजी दहा मिनिटे मिळाली. येथे थांबण्याचा मोह झाला होता, कारण संध्याकाळ होत आली होती आणि धूळ हे कारण दिसायला भरदार होते. आमच्या व्यवसायात पहिले भरदार कारण सापडले की प्रबंध पूर्ण होतो. वडील मात्र म्हणाले, "गायनी धुतली, पाणी वाढलं, पन पुरं नाही आलं. म्हंजे अजून कुठी तरी हाये."

ते खरे होते. प्रोसेसरवर बसवलेला उष्णता वाहून नेणारा मोठा कूलर खोलला, तेव्हा त्याच्या तळाशी एक पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा निघाला. कारखान्यातून येताना धातूवर ओरखडे पडू नयेत म्हणून तो लावलेला असतो. वापरण्यापूर्वी काढून टाका, अशी सूचना त्याच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली होती. जोडणी करणाऱ्याने ती वाचली नव्हती किंवा वाचून विसरला होता. दुकानाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. घाईत असे कुणाकडूनही होते. तात्पर्य एवढेच, की तापणारा भाग आणि उष्णता नेणारा धातू यांच्यामध्ये डिसेंबरपासून एक प्लॅस्टिकचा पडदा होता. हिवाळ्याने ते पाप झाकले होते. अमरावतीहून दीड-दोनशे रुपयांची उष्णतावाहक लेपाची नळी आणली, जुना लेप स्पिरिटने पुसला, नवा लावला आणि कूलर परत बसवला. हे अर्थात दुसऱ्या दिवशी, मुलानेच केले. तापमान ऐंशीच्या खाली राहिले. चित्रे शंभराच्या वर टिकली.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी किरकोळ, पण सार्वत्रिक आहेत, म्हणून नोंदवून ठेवतो. पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणारा होता, पण विंडोजमध्ये तो साठवरच ठेवलेला होता. पैसे मोजून आणलेले निम्म्याहून अधिक वेगाचे दान सहा महिने वापराविना पडून होते. स्मृतीच्या पट्ट्या ३२०० वेगाच्या, पण मूळ मांडणीत ती सोय चालू केलेली नसल्याने त्या २१३३ वर चालत होत्या. ज्यांच्या प्रोसेसरमध्येच चित्रे काढण्याची लहानशी सोय असते, अशा कित्येकांच्या संगणकात पडद्याची तार कार्डाला जोडण्याऐवजी मदरबोर्डला जोडलेली आढळते. मग महागडे कार्ड नुसते बसून असते. आणि लॅपटॉपवाल्यांनी आधी चार्जर लावून पाहावा. बॅटरीवर तो जाणूनबुजून हळू चालतो.

एवढी हकीकत सांगितल्यावर वाचक विचारतील, आणि आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलेच, की मराठीच्या अध्यापकांना याच्याशी काय कर्तव्य? संगणकाचा दोष संगणकवाल्याने काढावा, आपण कविता शिकवावी. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कविता शिकवायची आहेच, आणि ती शिकवायला आताच पुरेसे तास मिळत नाहीत. पण आमचा मुद्दा निराळा आहे.

त्या मुलाने पाच महिन्यांत या विषयावर जे वाचले आणि पाहिले ते सारे इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. त्यातले अर्धे कळले, अर्धे अंदाजाने घेतले. मराठीत त्याला जे मिळाले ते दोन प्रकारचे : 'हे दहा उपाय करा' अशा याद्या आणि 'हे नवे कार्ड घ्या' अशा शिफारशी. उपायांची यादी म्हणजे निदान नव्हे. दहा उपायांपैकी आपल्याला कोणता लागू आहे हे ओळखायचे कसे, एक उपाय फसला तर त्या फसण्यातून काय सिद्ध झाले, हे सांगणारे गद्य निराळे असते. त्यात 'जर', 'तर', 'तरीही', 'म्हणून', 'यावरून' ही अव्यये जिवंत असावी लागतात. आम्ही उभयान्वयी अव्यये शिकवतो ती परीक्षेत ओळखण्यासाठी. त्यांच्या बळावर एक अख्खा विचार उभा करायला शिकवत नाही. आमच्या विद्यार्थ्याला 'यावरून' हा शब्द ठाऊक होता. सूक्ष्मता कमी करूनही संख्या वाढली नाही, यावरून काय, हे वाक्य मात्र तो पुरे करू शकत नव्हता. ते त्याच्या वडिलांना येत होते, आणि वडील सातवी शिकलेले आहेत.

ज्या जिल्ह्यात आम्ही शिकवतो तेथे तर ही उणीव अधिकच खटकावी. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्राने झाला असे आपण मानतो, ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच जिल्ह्यातील रिद्धपूरला आकाराला आले. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटाने कुठून मिळवल्या? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून. भक्तीच्या ग्रंथामागे पडताळणीची ही शिस्त उभी आहे. आणि मोझरीत १९५५ साली प्रकाशित झालेल्या ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय चाळले, तर तेथे ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंश हे विषय ओवीत आलेले दिसतात. गावातील घाण कशी काढावी हा विषय ओवीला कमी दर्जाचा वाटला नाही. मग पेटीतील धूळ कशी काढावी हा विषय आमच्या गद्याला का वाटावा?

२०२४ साली दोन चांगल्या गोष्टी घडल्या. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्या निमित्ताने जी भाषणे झाली त्यांत मराठी 'ज्ञानभाषा' व्हावी असे सर्वांनी म्हटले. ज्ञानभाषा म्हटले की आपल्यासमोर परिभाषाकोश येतात. भाषा संचालनालयाने १९६० नंतर कोशांचे जे काम केले त्याबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु या प्रकरणात अडले होते ते संज्ञेवाचून नव्हे. प्रोसेसरला प्रोसेसर म्हटल्याने काही बिघडले नाही. आम्ही वर प्रक्रियक असे लिहून पाहिले आणि पुढच्याच वाक्यात सोडून दिले. अडले होते ते संज्ञांच्या मधल्या जागेत, जेथे एका निरीक्षणावरून दुसऱ्या निष्कर्षाकडे जायचे असते. ती जागा भरणारे लोक मराठीत आहेत. ते वावरात आहेत, गॅरेजमध्ये आहेत, मोटार भरून देणाऱ्यांच्या टपरीत आहेत. त्यांचे बोलणे कुणी लिहून ठेवत नाही. बोलीचा अभ्यास म्हणून आम्ही आजवर वऱ्हाडीतील म्हणी, ओव्या आणि शिव्याही गोळा केल्या. वऱ्हाडीतील तर्क गोळा करायचे राहून गेले.

यात आमच्या दोघांमध्ये एक मतभेद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एकाचे म्हणणे असे, की हे गद्य प्रमाण मराठीतच लिहिले पाहिजे, नाहीतर ते अमरावतीबाहेर जाणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, की प्रमाण मराठीत आणताच त्यातला 'अजून कुठी तरी हाये' हा अस्वस्थपणा हरवतो आणि मागे उरते ती सूचनापुस्तिका. आम्ही अद्याप एकमेकांना पटवू शकलेलो नाही. हा लेख प्रमाण मराठीत आहे यावरून पहिला जिंकला असे कुणी समजू नये. लेखनिक तो होता, एवढेच.

खेळ हा विषयच क्षुल्लक, असेही काहींना वाटेल. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला, त्यात भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट आहे आणि ती पुराणकथांच्या आधाराने सांगितलेली आहे. कथनशास्त्र शिकवणाऱ्यांनी तो एकदा तरी पाहावा. आमच्या विद्यार्थ्याने तो वऱ्हाडी समालोचनासह खेळून दाखवला तेव्हा आम्ही दोघे खाटेवर बसून दीड तास पाहत होतो, आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून वडिलांनी उठवले तेव्हा उठलो.

जुलैत महाविद्यालय सुरू झाल्यावर आम्ही तृतीय वर्षाच्या वर्गाला एक स्वाध्याय दिला. घरातील बंद पडलेली किंवा नीट न चालणारी कोणतीही एक वस्तू घ्यावी, तिचा दोष कसा सापडला हे घरातील ज्या माणसाने शोधला त्याच्या तोंडून ऐकावे, आणि दोन पाने लिहावे. उपाय लिहू नयेत. पायऱ्या लिहाव्यात, चुकलेल्या पायऱ्यांसह. बत्तीस लेख आले. सात-आठ सरळ कुठून तरी उतरवलेले होते. शिलाई यंत्राचा धागा का तुटतो यावर एका मुलीने आईच्या शब्दांत लिहिलेली दोन पाने मात्र आम्ही दोघांनीही दोनदा वाचली. मोझरीच्या मुलानेही, तो आता वर्गात नसला तरी, आपल्या संगणकाची हकीकत लिहून पाठवली. ती वर्गात वाचून दाखवायची तर 'स्टटर'ला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न आला. आम्ही 'अडखळ' सुचवला. वर्गाने हात वर करून 'हिसका' पसंत केला, आणि लेखात तोच ठेवला आहे.